धुराचं भोक

शकुबाईनं पिशवी भरून दाराशी ठेवली, आणि दाराला आतून कुलूप होतं. ते रोजच असायचं, त्यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच की आज तिला बाहेर जायचं होतं.

पिशवीत डिंकाचे लाडू होते, बाळंतशोपा होत्या, आणि जुन्या मऊ लुगड्यांची हातानं शिवलेली दुपटी होती. लेक हर्षा तिकडे सिरोंच्याला दिवस भरून पडून होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की पोरीला अंथरुणातून हलवायचं नाही, आणि त्या आलापल्लीच्या रस्त्यानं तर मुळीच नाही. त्या रस्त्यानं धडधाकट माणसाच्या आतड्यांना पीळ पडतो, तिथं पोटुशा बाईची काय कथा! हर्षाला सासू नव्हती. जावई धम्मदीप सोन्यासारखा, पण पाणी कोणत्या गंजात तापवायचं हेही त्याला विचारावं लागायचं. तेव्हा पोर माहेरी येत नाही तर माहेरानं उठून पोरीकडे जायचं, एवढं साधं होतं. सिरोंच्याची बस अकराला होती आणि दाराची चाबी भैयाजीच्या करदोड्याला होती.

"ऐकून राह्यले का जी? चाबी द्या," शकुबाई म्हणाली.

"कायले?" भैयाजीनं पेपरातून डोकं काढलं नाही.

"कायले म्हणजे? आठ दिवसापासून सांगून सांगून जीभ झिजली माही. पोरीकडे जातो मी."

"घर एका माणसावर सोडाचं नाई. तुले मालूम आहे."

हा त्या घराचा कायदा. आणि कायदा कोणासाठी, तर एका मोटारीसाठी! ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, म्हणून नीटच सांगायला हवं.

चंद्रपुरात, बिनबा गेटच्या आत, एका बोळीत हे घर. दोन खोल्या, सैपाकघर, आणि सैपाकघराला चिकटून टिनाचं शेड. त्या शेडात ऑस्टिन सेव्हन. विलायतेत म्हणे शंभर वर्षांमागं ही गाडी घरोघरी असायची; नवराबायको पुढं, दोन लेकरं मागं, एवढ्याच संसाराच्या मापानं बेतलेली. भैयाजीचा बाप चैतूजी एका लाकडाच्या ठेकेदाराकडे हीच गाडी हाकायचा. धुवायची त्यानं, हाकायची त्यानं, चिखलात फसली तर खांदा लावायचा त्यानं. पण मागच्या सीटवर बसायचा त्याला मान नव्हता. तिथं ठेकेदाराचा कुत्रा बसायचा. पुढं गाडी थकली, ठेकेदारानं ती भंगारात टाकली, आणि चैतूजीनं तिथून उचलून, नट नट धुऊन, पुन्हा जिवंत केली. पहिल्याच दिवशी त्यानं बायकोला मागच्या सीटवर बसवलं आणि गोल बाजारातून मिरवत नेलं. त्यानंतर वस्तीतली एकही नवरी त्या गाडीवाचून सासरी आली नाही. शकुबाईसुद्धा, बौद्ध रीतीनं पांढऱ्या लुगड्यात, सिंदेवाहीहून, त्याच मागच्या सीटवर बसून आली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, आपलं नशीब मोटारीचं. निघालंही मोटारीचंच.

चैतूजी गेला आणि भैयाजी आणि बापूराव या भावाभावांत वाटणी झाली. भांडण कशावरून झालं ते आज दोघांनाही धड सांगता येणार नाही. वस्तीतली चार शहाणी माणसं पंच म्हणून बसली. फार शहाणी! त्यांनी गाडी थोरल्याला दिली आणि गाडी जिथून बाहेर निघते ते अंगण आणि फाटक धाकट्याला दिलं. म्हणजे कसं, भावांना एकमेकांशी बोलावंच लागेल. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन पंच चहा पिऊन घरी गेले, आणि आठवड्याच्या आत गाडीच्या बुडाशी विटांची भिंत उभी राहिली. गाडी अलीकडं, फाटक पलीकडं. बोलणं गेलं तेल लावत.

तेव्हापासून सत्तावीस वर्षं गाडी तिथंच. डावीकडं शेजाऱ्याची भिंत, मध्ये चार बोटं जागा. मागं वाटणीची भिंत. उजवीकडं माणूस आडवा होऊन, पोट आत घेऊन सरकेल एवढी फट. भैयाजी माजरीच्या खाणीत पाळीवर जायचा तेव्हा शकुबाई पहाऱ्यावर. तो निवृत्त झाला तर ती सुटेल म्हणावं, तर आता दोघंही पहाऱ्यावर. का? तर एकट्या माणसाला डुलकी लागते, एकटा माणूस न्हाणीत जातो, तेवढ्यात बापूराव भिंत फोडून गाडी नेईल. बापूरावाचे गुडघे कधीचे गेलेले, तो काठीवाचून फाटकापर्यंत जात नव्हता. पण संशयाला गुडघे कुठे लागतात?

या कायद्यापायी शकुबाईनं काय काय सोडलं ते तिचं तिला ठाऊक. माय गेली तेव्हा माती देऊन ती त्याच संध्याकाळी परत आली. हर्षाच्या लग्नात तर कहरच झाला. पोरीची हौस होती, आजोबाच्या गाडीतून सासरी जायची. फाटक मागायला भैयाजीची जीभ उचलली नाही. मग नवरीला शेडात नेलं, मागच्या सीटवर बसवलं, फोटो काढला, आणि ती बिचारी पांढऱ्या शालूला ग्रीस लावून घेत आडवी सरकत बाहेर आली आणि ऑटोत बसून गेली. ऑटो बोळीच्या तोंडाशी वळेपर्यंत शकुबाई दारात उभी होती. त्या दिवशी तिनं मनाशी म्हटलं होतं, हिच्या बाळंतपणाला मात्र मी जाणार, मग घराला आग का लागेना.

आता त्या भोकाचं. मागच्या भिंतीला, जमिनीलगत, भैयाजीनं आपल्या हातानं एक भोक पाडलं होतं. दर रविवारी सकाळी तो हँडल मारून गाडी सुरू करायचा, आणि सायलेन्सरला टिनाची नळी जोडून सगळा धूर त्या भोकातून बापूरावाच्या अंगणात सोडायचा. "घे लेका, खाय!" असं म्हणत मांडीवर थाप मारायचा. रविवार त्याचा. बाकीचे दिवस ते भोक बायकांचं होतं. अलीकडं शकुबाई, पलीकडं तिची जाऊ सीता. अंबाडीची भाजी गेली, कोथिंबिरीची सांबारवडी आली, लोणच्याची बरणी गेली, पोरांची औषधं आली. आधी वाटी जायची. मग गंज जाईना म्हणून एक वीट काढली, मोठा गंज जाईना म्हणून आणखी दोन काढल्या, आणि काम झालं की त्या परत बसवून वरून माती लिंपायची, भैयाजीच्या डोळ्याला दिसू नये म्हणून. सुखदुःखंही त्यातूनच जायची यायची. एक गोष्ट मात्र सीतेनं सांगितलेली शकुबाईनं नवऱ्याच्या कानावर कधी घातली नाही. घातली असती तर त्यानं गाडीचं हँडल पुन्हा फिरवलं नसतं.

असं हे घर, आणि त्यात ही सकाळ.

"तिथी दवाखाना आहे," भैयाजी म्हणाला, "नर्सा आहेत. तू जाऊन काय दिवे लावशीन?"

"नर्सा आहेत, माय आहे का तिथी?"

उत्तर नसलं की भैयाजी गाडीत जाऊन बसायचा, ही त्याची जुनी खोड. तो उठला, पेपर आपटला, पोट आत घेऊन फटीतून सरकला, ड्रायव्हरच्या जागी बसला आणि दार असं धाडकन ओढलं की शेडाचे टिन वाजले.

शकुबाई दाराशी पिशवीजवळ बसून राहिली. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. बऱ्याच वेळानं शेडातून हाक आली.

"शकू."

आवाज वेगळाच होता. ती गेली.

"दार उघडत नाई," भैयाजी म्हणाला. दाराची आतली मूठ त्याच्या हातात होती. दारापासून सुटून हातात आलेली.

बाहेरची मूठ त्यानंच कितीतरी वर्षांपूर्वी काढून टाकली होती, बापूरावाची पोरं गाडीत शिरतील म्हणून. काचेच्या फटीतून हात घालून आतली मूठ फिरवायची, अशी त्याची पक्की चौकीदारी. काच अर्ध्यावर अडकलेली. हात जाईल, डबा जाईल, पण भैयाजीचं पोट काही जाणार नाही. शकुबाईला हसू फुटलं. मग हसण्याची लाज वाटली. मग पुन्हा हसू फुटलं.

"हसतेस काय वं? पेचकस दे!"

पेचकस दिला. आतलं काही तरी तुटलं होतं, पेचकसानं आणखी तुटलं. घाम त्याच्या कानामागून गळायला लागला.

"काच फोडू का?"

"खबरदार! बाबानं कलकत्त्याहून आणली ते काच."

"मंग पत्रा कापाले मिस्त्री आणतो. चाबी द्या."

"पत्र्याले हात लावाचा नाई. आन् चाबी देलली तं तू मिस्त्रीकडे जाशीन का बसस्टँडवर, मले समजत नाई का?"

माणूस आडमुठा होता, मूर्ख नव्हता. डावं दार चांगलं होतं, मुठीसकट. पण ते उघडायला शेजाऱ्याची भिंत आडवी. गाडी जरा मागं सरकली तरच ते उघडणार. आणि मागं काय होतं? दोघांनीही मान वळवून मागं पाहिलं.

"नाई," भैयाजी म्हणाला.

"मंग किती वेळ बसता असे?"

"बसतो. तूही थांब इथीच. पाणी दे."

ती पाणी घेऊन आली. फटीत अडकून, पाठ भिंतीला आणि पोट गाडीला लावून, तिनं पेला काचेतून आत दिला. त्यानं एका घोटात संपवला. बनियन भिजलं होतं, श्वास वरवर चालला होता.

"जीव घुसमटून राह्यला वं," तो म्हणाला.

"आताच तं बसले तुम्ही. मी सत्तावीस वर्षं बसली आहो."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. काही बोलणार तेवढ्यात तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. धम्मदीप होता.

"आई, निघाल्या का? हर्षाच्या पोटात दुखून राह्यलं. आताच दवाखान्यात आणलं तिले. सारखी विचारते, माय बसली का बसमध्ये?"

फोनचा आवाज मोठा होता. भैयाजीनं अक्षर न् अक्षर ऐकलं.

"सांग तिले, निघाली म्हणून," शकुबाई म्हणाली आणि फोन ठेवला. मग काचेतून हात आत घातला, तळवा वर करून. "चाबी."

भैयाजीचा हात कमरेशी गेला आणि तिथंच थांबला. स्टीअरिंगकडं पाहत, अगदी हळू, तो म्हणाला, "मले एकट्याले भेव लागते, शकू."

सत्तावीस वर्षांत हे पहिलं खरं वाक्य! बापूराव नाही, भिंत नाही, गाडी नाही. म्हाताऱ्याला रिकाम्या घराची भीती वाटत होती. शकुबाईचं काळीज पाणी पाणी झालं. वाटलं, आत हात घालून त्याच्या डोक्यावरून फिरवावा, म्हणावं, नाही जात मी. शब्द ओठापर्यंत आला होता. पण असं पाणी तिच्या काळजाचं दर वेळी झालं होतं, मायच्या वेळीही झालं होतं, आणि दर वेळी ती घरी राहिली होती, नाहीतर धावत परतली होती. तिकडं पोर कळा देत विचारत होती, माय बसली का?

तिनं हात बाहेर काढला. सैपाकघराच्या कोपऱ्यातली सब्बल उचलली, ती जड लोखंडी पहार फटीतून ओढत गाडीच्या बुडाशी नेली, आणि भोकाशी गुडघे टेकले.

"सीता! ओ सीता!"

"काय जी बाई?"

"सब्बल आण वं. भिंत पाडाची आहे."

"कोणती भिंत?"

"आपल्या दोघीत कोणती आहे दुसरी?"

"अव माय!" सीता म्हणाली, आणि तिची पावलं धावत गेली.

"शकू! काय करून राह्यली तू तिथी?" गाडीतून ओरडा आला. पहिला घाव बसला. भैयाजीनं रबरी भोंगा धरला आणि पों पों पों सुरू केलं, जसं काही समोर बैल आडवा आला आहे. "पोलिसात देईन! एकेकाले आत टाकीन!"

"आधी तुम्ही बाहेर निघा," शकुबाई म्हणाली आणि दुसरा घाव घातला.

एकेरी विटांची ती भिंत. वरून मोठी ताठ दिसायची, पण बुडाशी भाजीच्या गंजांनी ती कधीच पोखरून ठेवली होती. पलीकडून सीतेचे घाव सुरू झाले. शकुबाईच्या हाताची साल निघाली, केसांत चुना पडला, छातीचा भाता झाला, पण तिला थांबवेना. दमादमानं विटा निखळत होत्या. मग एक मोठा तुकडा कुरकुरला, पुढं झुकला, आणि धप्पकन पलीकडच्या अंगणात पडला. शेडात कधी नव्हे तो उजेड आला. भोंगा एकदम बंद पडला.

धूळ जरा बसली तेव्हा त्या खिंडारात आधी एक काठी दिसली आणि मग काठीमागं बापूराव. केस पार पांढरे झालेले. शेजारी राहूनही शकुबाईनं त्याला इतक्या जवळून किती तरी वर्षांनी पाहिलं.

"जयभीम, वैनी," तो म्हणाला.

"जयभीम, भाऊजी. तुमचे भाऊ अडकले गाडीत. मागं ओढल्याशिवाय निघत नाई."

विटांवरून काठी टेकत बापूराव गाडीच्या बुडाशी आला आणि मागच्या चाकाच्या पत्र्यावर त्यानं तळहात ठेवला. भैयाजी आरशातून पाहत होता.

"भाऊ," बापूराव म्हणाला, "दर रविवारी मी इथीच खाट टाकून बसत होतो."

"मालूम आहे," भैयाजी पुढंच पाहत म्हणाला. "धूर खात होतास."

"खातच होतो ना बावा. बाबाच्या सदऱ्याले हाच वास येत होता. कधी तू उशीर केला तं मी सीतेले म्हणत होतो, जाय वं, विचारून ये, भाऊ बिमार तं नाई?"

हीच ती गोष्ट, जी शकुबाईनं सांगितली नव्हती. तिनं नवऱ्याच्या पाठमोऱ्या डोक्याकडं पाहिलं. ते डोकं हळूहळू खाली गेलं आणि स्टीअरिंगला टेकलं.

"ब्रेक सोड भाऊ," बापूराव म्हणाला. "आम्ही ओढतो."

हँडब्रेक भैयाजीच्या मुठीत होता. त्याची मूठ सैल होईना. सोडला तर गाडी बापूरावाच्या अंगणात जाणार. धरला तर आपण आतच राहणार. बापूराव काठी बाजूला टेकवून उभा, सीता पदर खोचून उभी, आणि हा माणूस ब्रेक धरून बसलेला.

शकुबाईनं त्याची वाट पाहिली नाही. आयुष्य गेलं होतं वाट पाहण्यात. ती आडवी सरकत घरात गेली, हात धुतले, पिशवी उचलली आणि परत आली. काचेशी थांबली.

"पोळ्या दुरडीत आहेत, भाजी गंजात आहे. रात्री सीता पाहीन. ब्रेक तुमच्या हातात आहे, सोडा नाई तं बसा. मी चालली."

"शकू, थांब."

ती थांबली. भैयाजी करदोड्याशी झटापट करत होता. गाठ जुनी आणि घट्ट होती. शेवटी ती सुटली. त्यानं चाबी काचेच्या फटीतून बाहेर काढली.

"घेऊन जा," तो म्हणाला. डोळे लाल झाले होते. "परत येशीन तवा लागन तुले."

शकुबाईनं चाबीकडं पाहिलं. झिजून गुळगुळीत झालेली, घामानं काळी पडलेली. हिच्यासाठी तिनं किती वेळा हात पसरला होता! आज मिळाली, तर तिच्या मागं भिंतीत बैलगाडी जाईल एवढं खिंडार होतं.

"तुम्हीच ठेवा," ती म्हणाली. "मी येईन तं इकडून येईन."

आणि लुगडं वर धरून, विटा ओलांडून, ती बापूरावाच्या अंगणात उतरली. सीतेनं पिशवीचा एक बंद धरला. दोघी जावा अंगण ओलांडून फाटकाशी गेल्या. सीतेनं रस्त्यावर धावत जाऊन ऑटो अडवला, आणि शकुबाई पाय ठेवणार तेवढ्यात मागून कट्ट असा आवाज आला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. सिंदेवाहीला मायच्या गळ्यातून सुटून ती मागच्या सीटवर बसली तेव्हा सासऱ्यानं हाच ब्रेक सोडला होता.

"हळू भाऊ, हळू," बापूराव आत म्हणत होता. सीता मदतीला परत पळाली.

"कुठी जाचं बाई?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"बसस्टँड," शकुबाई म्हणाली. "सिरोंच्याची गाडी धराची आहे. चाल लवकर, पोरगी वाट पाहून राह्यली."